पाळण्याची कॅसेट

ताई, आधी एवढं सांगा, तुमचं कोणतं बोलणं मी खरं धरू?

दवाखान्यातून तुम्हाला घरी आणलं त्या आठवड्यात, उशीला टेकून बसल्या बसल्या तुम्ही मला म्हणालात, "शोभा, माह्यामागं कॅसेटच्या कपाटाले कोनाले हात लावू देऊ नको." मी मान हलवली. मग कळलं की आमच्या नितीनला, म्हणजे तुमच्या लाडक्या भाच्याला, तुम्ही फोनवर सांगितलं होतं, "तुह्या मोबाईलात बसन तेवढं घे, बाकीचं घाल भंगारात." आणि मानोऱ्याकडच्या तांड्यावरून सकरीबाई भेटायला आली तेव्हा तिचा हात धरून, "तुह्यी कॅसेट तुह्यीच हाय, कवाबी घेऊन जाय." एकाच तोंडातून निघालेले हे तीन हुकूम आहेत. तिघांनाही आपापला हुकूम पक्का आठवतो आणि कपाटाची चावी माझ्या कमरेला आहे.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "तुले एवढंबी समजत नाही काय?" नाही समजत. तुमच्याशी इतकी वर्षं भांडून मला एवढंच समजलं की तुम्ही रागावला असाल तर कमी बोलता आणि खूश असाल तर त्याहून कमी बोलता. बाकी सगळं मी अंदाजानं चालवत आले. आता तर अंदाज घ्यायला तोंडही समोर नाही.

तुम्ही गेल्यावर ठेवलेल्या पुण्यानुमोदनाचा मंडप उतरला, खुर्च्या गेल्या, पाहुणे गेले. तुमच्या मागच्या दोन खोल्यांना मी कुलूप लावलं आणि पुन्हा उघडलं. काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून कपाट पुसत बसले.

ते कपाट पाहून नवा माणूस चक्रावूनच जाईल. दुकानात असतात तशा तुमच्या कॅसेटी गाण्यांप्रमाणे नाहीत, गाणाऱ्यांप्रमाणेही नाहीत. त्या आहेत तुमच्या बदल्यांप्रमाणे. जिल्हा परिषदेनं मास्तरीणबाईंना ज्या ज्या गावी पाठवलं, त्या त्या गावाचा एक कप्पा. सगळ्यात वर पहिली नेमणूक, सगळ्यात खाली मंगरूळपीर, जिथं रिटायर होऊन तुम्ही आमच्या मागच्या खोल्यांत राहायला आलात. माणसं बदली झाली की भांडीकुंडी उचलतात, शेजाऱ्यांचे पत्ते घेतात. तुम्ही त्या गावचे गळे उचलून आणायच्या. नितीन एकदा म्हणाला, "आत्या, हे नीट लावून देतो, अ आ इ ई प्रमाणे." तुम्ही त्याच्याकडे असं पाहिलं की पोरगं चहा न पिताच उठलं.

मी तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं तेही गळे गोळा करतानाच. आमच्या केनवडच्या अंगणात, माझ्या हळदीला. वराकडच्या बायका कशा येतात, पाटल्या-बांगड्या दाखवत येतात. तुम्ही आलात हातात टेप घेऊन, त्याला दुपट्यात गुंडाळून, लेकरासारखा सांभाळत. माझी चुलती हळदीचं गाणं म्हणत होती. तुम्ही जाऊन सरळ तिच्या तोंडासमोर टेप ठेवलात आणि म्हणालात, "मावशी, थोडं थांबा, पयल्यापासून म्हना." चुलती अशी बावरली की नवरीचं नाव विसरली. मला हळद लागून राहिली होती आणि माझी होणारी नणंद माझ्याकडे एकदाही बघत नव्हती. मला वाटलं, झालं, ह्या घरात आपलं काही खरं नाही.

मग सासरी आल्यावर रविवारी तुम्ही नेमणुकीच्या गावाहून यायच्या आणि ती हळदीची कॅसेट लावायच्या. मी तुरी पाखडत ऐकायची. माहेर सोडून महिना झाला नव्हता आणि चुलतीचा आवाज स्वयंपाकघरात. मी सुपात तोंड घालून रडले. तुम्ही पाहिलं, उठलात आणि कॅसेट बंद करायच्या ऐवजी उलटी करून दुसरी बाजू लावलीत. त्या दिवशी मला तुम्ही दुष्ट वाटलात. पुढच्या रविवारी मीच म्हटलं, "ताई, ते लावा ना."

तुमचा तो नाद मला लागायला वेळ लागला, पण लागला. कोरी कॅसेट घ्यायला वाशीमला जायचं तर तुम्ही मला सोबत न्यायच्या. नव्वद मिनिटांची घेऊ नये, तिची रीळ पातळ असते, टेपात गुंडाळते. साठचीच घ्यावी, हे मी तुमच्याकडून शिकले. वरचा चरचरीत कागद तुम्ही बसमध्येच काढायच्या आणि कॅसेट नाकाला लावायच्या. मग माझ्या नाकाला. कंडक्टर आपल्याकडे बघायचा. "काय वास येते वो मास्तरीणबाई?" त्यानं विचारलं तर तुम्ही म्हणालात, "काहीच नाही येत. म्हनून तर घेतली." मला तेव्हा फार हसू आलं होतं. कोरी कॅसेट हातात असली की तुमची चाल बदलायची, पोरीसारख्या चालायच्या. मग आठवडाभर ती तशीच ठेवायच्या, कोणाचा गळा त्यावर घ्यावा याचा विचार करत.

रेकॉर्डिंग झालं की पहिलं काम म्हणजे कात्री. कॅसेटच्या पाठीवर प्लास्टिकचे दोन बारके तुकडे असतात. ते मोडले की त्या कॅसेटवर पुन्हा काही चढत नाही. तुम्ही ते तिथल्या तिथं, गाणाऱ्याच्या समोर मोडायच्या. म्हणायच्या, "आता तुमचं कोनी पुसू शकत नाही." काही बायका कॅसेट हातात घेऊन ती मोडलेली जागा बोटानं चाचपून बघायच्या. आणि दुसरा नियम, ज्यानं म्हटलं त्यानंच सगळ्यात आधी ऐकायचं. तांड्यावर होळीला सकरीबाईनं लेंगी, म्हणजे बंजाऱ्यांचं होळीचं गाणं, म्हटली, आधी नाही नाही करून, तोंडावर ओढणी घेऊन. तिला तिचा आवाज ऐकवला तर ती म्हणाली, "हे मी नोहे. ही कोनती बाई व्हय?" सगळा तांडा हसला. सकरीबाई मात्र टेपच्या जाळीला कान लावून बसली ती उठेचना. तिला तो आवाज आवडला होता, पण स्वतःचा म्हणायला ती तयार नव्हती.

आपलं मोठं भांडण झालं ते बक्षिसांवरून. जयंतीच्या कार्यक्रमात गायन पार्टी रंगात येते, गाणारा एक कडवं टिपेला नेतो आणि नेमका तिथं थांबतो. पेटी तशीच वाजत राहते आणि तो म्हणतो, अमक्या गावचे अमके, यांच्याकडून पार्टीला बक्षीस, जय भीम. मग दुसरं नाव, मग तिसरं. नावं संपली की कडवं पुढं. नितीन कॉम्प्युटरवर गाणी चढवायला बसला तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं, "ती बक्षिसं काढून टाक बाबा, आन् खोकलेबी." मला निखळ गाणं हवं होतं, रेडिओवर लागतं तसं.

"कायले काढतं?" तुम्ही दारातून विचारलंत.

"ऐकू देत नाहीत ताई. गानं मधातच तुटते."

"ज्याचं नाव घेतलं तो आता हाय काय? त्याची लेक येते माह्याकडं, बापाचं नाव ऐकाले. गानं ऐकाले नाही येत ते. नाव कापलं तर तिले काय ऐकवू, पेटी?"

"मंग दोन करा. एक नावाचं, एक गान्याचं."

"तू भाजीतली मिरची आलग शिजवतं काय?"

मी उठून चुलीकडे गेले. पण मला पटलं नव्हतं आणि अजूनही पूर्ण पटलेलं नाही. तुमची ती पेटीवरची नावं ऐकताना मला आजही पुढचं कडवं कधी येतं असं होतं. हे भांडण आपण अर्धं ठेवलं. नितीन पुण्याला गेला, कॉम्प्युटर गेला, थोडंसंच चढवून झालं होतं. त्यात काय चढलं, काय राहिलं, ते त्यालाही नीट सांगता येत नाही.

आता माझ्या आईच्या कॅसेटीवर येते. तुम्हाला माहीत होतं मी येणार.

नितीनच्या बारशाला आई केनवडहून आली होती. थंडीचे दिवस होते. बायकांनी ठरलेले पाळणे म्हटले. मग कोणीतरी आईला म्हटलं, "इहीनबाई, तुमी म्हना." आई कधी चारचौघींत गायली नव्हती. तिनं घसा खाकरला, "म्हनू काय?" असं विचारलं आणि स्वतःच जुळवलेलं काहीतरी म्हटलं. त्यातल्या सुरुवातीच्या ओळी मला पाठ आहेत.

मामा येते रे, मामा येते,
केनवडच्या वाटंनं मामा येते,
टोपलीत थोडं ऊन आनते.

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ, देवा. तो तेव्हा लांब वसतिगृहात शिकायला होता आणि बारशाला आलाच नव्हता. आई पाळण्याची दोरी ओढत त्याला गाण्यात बोलावत होती. पुढं आणखी एक-दोन ओळी होत्या, त्या मी ऐकल्या नाहीत, कारण नितीन रडायला लागला आणि मी त्याला घेऊन आत गेले. म्हटलं, टेप चालूच आहे, मागून ऐकू. तुम्ही कात्रीनं ते तुकडे मोडलेत हे मी दारातून पाहिलं. तुमच्या नियमाप्रमाणे आईनं ऐकलं. ती ओशाळून हसली आणि म्हणाली, "बंद करा व माय."

पुढच्या वर्षात आई गेली, ताप काय, कावीळ काय, कळलंच नाही. काही दिवसांनी मी तुमच्याकडे ती कॅसेट मागितली. तुम्ही म्हणालात, "शोधून देतो." नंतरही तेच. दर राखीला, दर जयंतीला, कधी सहज, कधी टोमणा मारून मी विचारलं. "गावोगावच्या बायकांचे गळे जपले ताई, माह्या मायचाच सापडत नाही काय?" तुम्ही खाली मान घालून म्हणायच्या, "हाय इथंच. बदलीत कुठंतरी मिसळली." जिच्या कपाटात प्रत्येक गाव जागच्या जागी, तिच्याकडं एक कॅसेट मिसळते? माझा विश्वास बसत नव्हता. कधी वाटे, तुम्हाला द्यायची नाही. कधी वाटे, हरवलीच आहे आणि तुमचा ताठा कबूल करू देत नाही. इतकं होऊनही रविवारी मी तुमच्याजवळ तुरी घेऊन बसायची. माणूस असं कसं वागतं, मला सांगता येत नाही.

तुमच्या पुण्यानुमोदनाला देवा आला. वंदना झाली, जेवणं झाली, आणि भरल्या मांडवात तो मला म्हणाला, "बाई, ताईची खोली आवरशीन तवा आईची कॅसेट पयले मले. लोक सांगतात, आईनं माह्यावर गानं म्हटलं होतं. मले तिचा आवाज आठवतच नाही आता. चेहरा आठवते, आवाज नाही आठवत." सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "ये रविवारी." हे म्हणजे तुमचे भाऊ बाजूलाच पानदान घेऊन बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कपाटातलं ओ की ठो माहीत नाही, पण आपली इतक्या वर्षांची चकमक त्यांच्या कानावर होती.

मी कप्प्यांमागून कप्पे काढले. रिळा पेन्सिलीनं फिरवून फिरवून सैल-घट्ट केल्या. तुमच्या टेपचा पट्टा ढिला झाला होता, तो दर्ग्याच्या रस्त्यावरच्या मेकॅनिककडून बसवून आणला. तो म्हणाला, "आपा, अब कौन सुनता है ये?" मी म्हटलं, रविवारी पाहुणा येणार आहे. सकरीबाईही मधेच येऊन गेली. तिची लेंगी मी लावून दिली. तिनं ऐकली, डोळे पुसले आणि कॅसेट न घेताच निघाली. म्हणाली, "माह्याकडं वाजवाले काय हाय? इथंच राहू दे. मी येत जाईन." म्हणजे तुमचे तीनही हुकूम तिच्यापुरते एकदमच खोटे पडले, की खरे ठरले, मला समजेना.

ती कॅसेट कपाटात नव्हतीच. तुमच्या उशाच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्याखाली होती. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. पण मी ओळखली, कारण तिच्या कोपऱ्याला बारशाच्या दिवशीचा हळदीचा डाग होता. पाठीवर बोट फिरवलं. तुकडे मोडलेले होते, तुम्ही मोडले होते, मी पाहिलं होतं. आणि त्या भोकांवर चिकटपट्टी लावलेली होती.

ताई, चिकटपट्टी आपोआप लागत नाही. मोडलेल्या कॅसेटवर पुन्हा रेकॉर्ड करायचं असेल तरच ती लावतात. तुम्हीच मला शिकवलं होतं आणि तुम्हीच म्हणाला होतात की असं करणाऱ्या माणसाचे हात कलम करावे. काचेतून रीळ पाहिली तर एका जागी चुरगळून सरळ केलेली, आणि तिथं बारीकसा जोड. मी खाली बसले. मला इतका राग आला की तुमच्या फोटोकडे पाठ केली.

मग लावली. आधी भांड्यांचा आवाज, बायकांचं हसणं, लहानग्या नितीनची कुरकुर. मग आईचं खाकरणं. "म्हनू काय?" तिचंच. मी तोंडावर पदर धरला. एक खट् झालं आणि गाणं सुरू झालं. मामा येते रे, मामा येते. आईसारखंच लांबवलेलं, आईसारखंच थकलेलं. मी रडले आणि तुमची मनातल्या मनात माफी मागितली. पहिली ओळ संपली तेव्हा शेवटी एक लहानसं "हं" आलं. दुसऱ्या ओळीनंतरही आलं. मी टेपच्या जाळीला कान लावला. ओळ संपली की वर्गातल्या पोरांना म्हणायच्या तसं ते "हं" तुमचं होतं.

तुम्ही गात होतात. "मले गाता येत नाही" म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांपुढं टेप धरणाऱ्या तुम्ही.

दुसरी बाजू लावली. तिच्यावर नुसते प्रयत्न. टोपलीत थोडं ऊन आनते, मग थांबणं. "पुढं काय होतं?" पुन्हा पहिल्यापासून. "नाही, असं नव्हतं." कुठंतरी बाहेर शाळेची घंटा वाजते, म्हणजे हे तुम्ही बदलीच्या गावी, खोलीचं दार लावून केलं असणार. एकदा तुम्ही फार वरून सुरू केलं आणि आवाज फाटला, मग स्वतःवरच रागावून "हट्" म्हणालात. हसू आलं मला. रडत होते आणि हसू आलं.

काय झालं असेल? टेपात रीळ गुंडाळली असेल, आईचं गाणं चुरगळलं असेल, तुम्ही खराब झालेली रीळ कापून जोडली असेल आणि मग जे कानात होतं ते स्वतःच्या गळ्यानं भरून काढलं असेल. असं मी म्हणते. पण मग एक वाक्य मला सांगायला काय झालं होतं? "शोभा, टेपानं खाल्ली." बस. मी एक दिवस भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी तुमच्यासाठी भाकर टाकली असती. का मला देण्यासाठी केलंत आणि पटलं नाही म्हणून लपवलंत? की द्यायचं नव्हतंच, आपल्यापुरतं ठेवायचं होतं? भंगारात घाल म्हणालात ते हिच्यासाठी होतं का? आणि कोणाला हात लावू देऊ नको, तेही हिच्याचसाठी? मला तुमचा राग येतो, मग तुमची दया येते, मग वाटतं मीच वेडी, इतकी वर्षं माझ्यासाठी कोणी दार लावून गात होतं आणि मी टोमणे मारत होते. मग पुन्हा वाटतं, पण आईचा गळा तर गेलाच ना.

आणि त्या शेवटच्या ओळी. पहिल्या बाजूवर तुम्ही गाणं पुरं केलं आहे.

ऊन ठेवते बाळाच्या पायी,
दारात उभी मामाची आई.

ह्या ओळी आईच्या की तुमच्या? मी आत गेले होते, मला माहीत नाही. तुम्ही तिथं होतात, पण दुसऱ्या बाजूवर तर तुम्हालाही आठवत नव्हत्या. आठवल्या की जुळवल्या? हे सांगू शकणाऱ्या दोन्ही बायका आता नाहीत.

रविवारी देवा आला. येताना केनवडच्या बाजारातून केळी आणली, जशी आजाऱ्याला आणतात. मी ठरवलं होतं, सगळं सांगायचं. चहा झाल्यावर म्हणायला तोंड उघडलं, "देवा, ऐक, ते असं झालं..." तर तो म्हणाला, "सापडली काय?" आणि टेपसमोर मांडी घालून बसला. पन्नाशीकडे झुकलेला माणूस, केस पिकलेले. मला पुढं बोलवलं नाही. मी पहिली बाजू लावली.

बायकांचं हसणं झालं. खाकरणं झालं. "म्हनू काय?" ऐकल्याबरोबर त्यानं माझं मनगट धरलं. मग तुमचं गाणं. मी खाली बघत होते. हे दाराच्या उंबऱ्यावर बसून सुपारी कातरत होते. पहिल्या "हं" ला त्यांचा अडकित्ता थांबला. दुसऱ्या "हं" ला त्यांनी मान वर केली.

ताई, तुमचा भाऊ कसा आहे तुम्हाला ठाऊक आहे. पोटात काही राहत नाही. लग्नात भर पंगतीत सांगणारा माणूस, की वरण खारट आहे. मला वाटलं, आता बोलतात. मी डोळ्यांनी नको नको केलं, पण ते माझ्याकडे बघतच नव्हते. ते टेपकडे बघत होते.

दारात उभी मामाची आई, इथं देवा फुटला. मोठ्यानं रडला. "आई व्हय," तो म्हणाला. "बाई, हे आईच. मले आठवला आवाज. असाच होता." मग त्यांच्याकडे वळून, "भाऊजी, तुमी होते ना तवा? असाच होता ना आईचा आवाज?"

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले. "तुह्या आईचा गळा लय गोड होता देवा."

देवानं ते गाणं मोबाईलवर घेतलं, दोनदा. कॅसेट मी त्याला देऊ केली तर म्हणाला, "इथंच राहू दे, आमच्याकडं उंदरं खातीन." दुसरी बाजू आहे हे मी त्याला सांगितलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला. जाताना तुमच्या फोटोपुढं वाकून म्हणाला, "ताई, आईले जपलं तुमी." मी भिंतीला टेकून उभी राहिले. खोटं बोलले की खरं वागले, मला अजून ठरवता आलेलं नाही.

केनवडला आता तुमचा आवाज माझ्या आईच्या नावानं वाजतो. माझ्या भावजयीनं सांगितलं, देवानं सगळ्या भावकीला पाठवला, सगळ्यांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. तुमच्या नावानं मात्र ह्या जगात कुठंच काही वाजत नाही. मी तुमच्याजवळून तेही काढून दिलं का? की तुम्हाला हेच हवं होतं? हो किंवा नाही, एवढंसुद्धा सांगायची सोय नाही.

देवाला गाडीत बसवून हे परत आले. अंगणात पाय धुतले, आत आले नाहीत. तुमच्या खोलीच्या पायरीवर बसले. मी चहा नेऊन दिला तर म्हणाले, "दुसऱ्या अंगाले काय हाय?" मी लावली. तुम्ही चुकत होतात, थांबत होतात, घंटा वाजत होती. "नाही, असं नव्हतं." ते ऐकत राहिले, चहा निवला.

"ताईले गाता येत होतं," ते म्हणाले. मग निवलेला चहा बाजूला सारून, "मले काहून नाही सांगतलं?"

ते मला विचारत होते की तुम्हाला, ते मला कळलं नाही. मी कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लावली.